गिनती

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. विषय नवा नाही, चार-पाच वर्षं डोक्यात घोळतोय. पण तो माझ्यापेक्षा दादाचा जास्त, त्यामुळे त्याने हो म्हटल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेल्या रविवारी म्हणाला, "लिही, पण जेलचं नाव नको आणि माझंही नको." तेव्हा दोन्ही नाहीत. ज्या नातेवाईकांना माहीत आहे त्यांनी गप्प बसावं ही विनंती. :)

तर आमचा दादा तुरुंगात होता. म्हणजे नोकरीला! (हा विनोद आमच्या घरात तीस वर्षं चालू आहे आणि वहिनी त्याला अजून एकदाही हसलेली नाही.) शिपाई म्हणून लागला, हवालदार म्हणून मागच्या वर्षी निवृत्त झाला. आत काय चालतं ते तो घरी कधी बोलायचा नाही. आम्हीही विचारायचो नाही. दिवाळीला जेलच्या बेकरीतली नानकटाई आणायचा, तेवढाच आमचा त्या भिंतीशी संबंध.

गेल्या महिन्यात वहिनी माळा साफ करत होती. वरून एक निळी बॅग निघाली. आत दोन बनियन, टॉवेल, साबणाचा डबा, क्रोसिनची अर्धी पट्टी आणि खिशात मावेल अशी एक डायरी. वहिनी सगळंच भंगारात टाकायला निघाली होती. दादा म्हणाला, कपडे टाक, डायरी राहू दे. मी तिथेच होते, चाळायला घेतली. डायरीत मजकूर असा काहीच नाही. तारीख आणि पुढे एक आकडा. पहिल्या पानावर एप्रिल २०२०, आणि आकडा ११२.

११२ बघितलं आणि मला पाच वर्षांपूर्वीचा एक मेसेज आठवला. तो आठवला की अजूनही कानशिलं गरम होतात. ते सांगायलाच ही पोस्ट.

मे २०२० चा दुसरा आठवडा. आपण सगळे घरात कोंडलेले. भाज्या मिठाच्या पाण्यात धुणं, पिशव्या उन्हात टाकणं, टीव्हीवर रोजचे आकडे. त्यात बातमी आली की राज्यातल्या तुरुंगांमधले जवळजवळ निम्मे कैदी, म्हणजे सुमारे १७ हजार, तात्पुरते सोडायचं ठरलंय. मी लगेच आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "आपण घरात कैद आणि चोर मोकळे. वा रे न्याय!" भराभर अंगठे आले. काकांनी तर टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दादा तेव्हा आत होता. त्या एप्रिलमध्ये सरकारने मुंबई, ठाणे, कल्याण, भायखळा आणि येरवडा ही कारागृहं पूर्ण बंद केली होती. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही, कर्मचारीसुद्धा. पुढे आणखी काही कारागृहांत तेच झालं, त्यात दादाचंही होतं. अर्धे लोक बॅग घेऊन आत राहायला जायचे, पंधरवड्याने दुसरे अर्धे. तीच ही निळी बॅग. ड्यूटीवर फोन जमा. त्यामुळे त्याने माझा मेसेज दोन दिवसांनी वाचला असावा. उत्तरात फक्त एक आकडा आला, "११२". पुढे काही नाही. मला वाटलं चुकून काहीतरी दाबलं गेलं.

आता डायरी हातात धरून विचारलं, "दादा, हे काय रे?"

"एका बराकीची गिनती," तो म्हणाला. "माझ्याकडे होती ती. चाळीस माणसांसाठी बांधलेली."

मग तो बोलायला लागला, आणि तीस वर्षांत बोलला नसेल एवढं त्या दुपारी बोलला.

गिनती म्हणजे मोजणी. बराक उघडताना, दुपारी, संध्याकाळी बंद करताना माणसं मोजायची. जोडीजोडीने उकिडवं बसवायचं आणि दोन, चार, सहा करत जायचं. आकडा जुळल्याशिवाय तुरुंगातलं पानही हलत नाही. आणि तेव्हा टीव्हीवर चोवीस तास सांगत होते की दोन माणसांत दोन मीटर अंतर ठेवा. दादा म्हणाला, "पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं, जोड्या मोडा, लांब लांब बसवा. बसवायला गेलो तर निम्मे लोक बसायच्या आतच बराक संपली."

मी नंतर घरी येऊन हिशेब केला. आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे बराकीत एका माणसाला ३.७१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ४० चौरस फूट जागा हवी. चाळिसांच्या जागेत ११२ घातले की प्रत्येकाच्या वाट्याला चौदा चौरस फूट येतात. आपली साधी चटई याच्यापेक्षा मोठी असते. आणि ही काही एकट्या दादाच्या जेलची गोष्ट नाही. मुंबईच्या आर्थर रोडची मंजूर क्षमता ८०४, आणि त्या वेळी आत अडीच हजारांहून जास्त लोक होते. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यातच तिथे कैदी आणि कर्मचारी मिळून शंभराच्या वर बाधित निघाले. सगळ्या राज्याचं बघितलं तर २४ हजारांच्या आसपास क्षमता आणि आत ३५ हजारांच्या पुढे माणसं.

मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं का? बातम्या होत्या की. मी वाचल्या नव्हत्या, किंवा वाचून सोडून दिल्या होत्या.

"मग तुम्ही करायचात काय?" मी विचारलं.

जमेल ते, असं त्याचं उत्तर. नवीन पकडलेला माणूस थेट आत आणायचा नाही. जिल्ह्याजिल्ह्यात शाळा, वसतिगृहं ताब्यात घेऊन तात्पुरती कारागृहं केली होती, तिथे चौदा दिवस ठेवायचं आणि तपासणी करून मगच आत. म्हातारे, मधुमेहवाले, दम्याचे, टीबीचे वेगळे काढायचे. कोर्टाच्या तारखा व्हिडिओवर. रोज सकाळी कपाळाला ती बंदूक लावायची. शिवणकामाच्या विभागात मास्क शिवले जात होते. बाजारात मास्क मिळत नव्हते तेव्हा बाहेर गेलेले कितीतरी मास्क कैद्यांच्या हातचे होते, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या पर्समध्येही त्यातला एखादा असेल.

सगळ्यात अवघड गेलं ते भेटी बंद करणं. जेलमध्ये तिला मुलाखत म्हणतात. आठवडाभर माणूस त्या काही मिनिटांवर जगतो. २१ मार्च २०२० ला कोलकात्याच्या डमडम कारागृहात भेटी बंद झाल्यावरून मोठी दंगल झाली. इटलीत तर त्याच मार्चमध्ये कितीतरी तुरुंग पेटले आणि तेरा कैदी मेले. दादा म्हणाला, "आमच्याकडे काही झालं नाही, पण रात्री झोप लागायची नाही. आम्ही पंधरा जण आणि आत एवढी माणसं. त्यांनी मनावर घेतलं असतं तर कुलूप काय करणार होतं?" मग फोनवर व्हिडिओ कॉल सुरू केले. एक जण चार वर्षं आत होता. समोर बायको आली तर तिला म्हणाला, आधी घराचं दार दाखव. तिने फोन फिरवून दार दाखवलं. निळा रंग दिलेला होता. तो त्याला माहीत नव्हता. मिनिटं संपेपर्यंत तो रंगाबद्दलच विचारत राहिला, कुणी दिला, कधी दिला.

हे सगळं केलं तरी साथ थांबेना, कारण मूळ दुखणं आकड्यात होतं. दादाचं एक वाक्य त्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. "आमच्या हातात फक्त कुलूप असतं गं. आत किती माणसं असावीत ते आम्ही ठरवत नाही. ते बाहेर ठरतं."

बाहेर म्हणजे कुठे, ते पुढे सांगते.

नंतर मी थोडं वाचलं. तुरुंग आणि साथ यांची जोडी फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये टायफसला 'जेलचा ताप' असंच नाव पडलं होतं. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात कैद्यांबरोबर तो ताप आला आणि न्यायाधीश, खुद्द शहराचा लॉर्ड मेयर, असे बरेच जण गेले. ज्यांनी आत पाठवायचं तेच आजाराने गेले. पुढे जॉन हॉवर्ड नावाचा गृहस्थ तुरुंगामागून तुरुंग बघत फिरला. हवा, पाणी, सफाई यांच्या नोंदी करून १७७७ मध्ये त्याने पुस्तक काढलं. त्याच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हापुन्हा येते. कोर्टात निर्दोष सुटलेली माणसंसुद्धा तुरुंगाधिकाऱ्याची फी भरता येत नाही म्हणून आतच राहायची, आणि तापाने मरायची.

आपल्याकडचं उदाहरण भायखळ्याचं. १८९७ च्या प्लेगात हाफकिनने लस तयार केली, १० जानेवारीला स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरल्यावर तिथल्या कैद्यांवर तिची पहिली मोठी चाचणी झाली. स्वेच्छेने पुढे आलेल्यांना टोचली, बाकीच्यांना नाही, आणि टोचलेल्यांमध्ये मरण कमी दिसलं. साऱ्या मुंबईच्या आधी लस कैद्यांना मिळाली, असं म्हणता येईल. की कैद्यांवर करून बघितली असं म्हणायचं? बंद दाराआड 'स्वेच्छा' किती असते मला कळत नाही. याच वर्षी साथरोग कायदा आला, आणि तोच सव्वाशे वर्षांनी आपल्याला २०२० मध्ये लागू झाला.

असो. मूळ मुद्द्यावर येते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना माझ्या माहेरचे पण ओळखतात. दहा-बारा वर्षं झाली त्यांना. त्यांचा मुलगा सुरतला कामाला आहे असं त्या सांगायच्या. फेब्रुवारी २०२० मध्ये एक दिवस भांडी घासताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, तो सुरतला नाही." नोव्हेंबरात त्याला धरला होता. चोरीचा मोबाइल विकत घेतल्याची केस. जानेवारीत जामीन मंजूर झाला, पण पंधरा हजारांचा जामीनदार हवा. स्वतःच्या नावावर घर किंवा पगाराची पावती असलेला माणूस. त्यांच्या वस्तीत असं कुणी नव्हतं. म्हणजे कोर्टाने जा म्हटलं होतं, आणि मुलगा आतच होता. आणि आत कुठे, तर दादाच्याच जेलमध्ये.

"साहेबांना विचाराल का?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "विचारते हं."

विचारलं नाही. यांना तर नाहीच, दादालाही नाही. खोटं कशाला बोलू? भीती वाटली. उद्या पोरगा पळाला तर? कोर्टकचेरी मागे लागली तर? शिवाय मनात कुठेतरी होतंच की उगीच कशाला कुणी कुणाला धरेल. मावशींनी दोनदा विचारलं, मी दोनदा "बघते" म्हटलं, आणि मग २२ मार्च आला. लॉकडाऊनमध्ये मावशींचा पूर्ण पगार मी घरी पाठवला. त्याचं मला फार कौतुक होतं. इथे लिहिलंसुद्धा होतं तेव्हा, जुन्या वाचकांना आठवेल.

आणि मे महिन्यात 'चोर मोकळे' हा मेसेज टाकताना मला तो मुलगा आठवलासुद्धा नाही! मेसेजपेक्षा याचीच मला जास्त लाज वाटते.

खरं तर निर्णय काही उठवळपणे झाला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० लाच सगळ्या राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितलं होतं. कुणाला सोडता येईल ते त्यांनी ठरवायचं, उदाहरणार्थ सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे. आपल्या समितीत उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, गृहखात्याचे वरिष्ठ अधिकारी आणि कारागृहांचे प्रमुख होते. मोक्कासारख्या खास कायद्यांखालचे कैदी वगळले. शिक्षा झालेल्यांसाठी ८ मे ला पॅरोलच्या नियमात बदल करून ४५ दिवसांची आपत्कालीन रजा आणली, ती पुढे तीस-तीस दिवसांनी वाढत गेली. सात वर्षांहून जास्त शिक्षा असेल तर आधीच्या दोन्ही सुट्यांवरून वेळेवर परत आलेला असला पाहिजे अशी अट. बाकी बहुतेक सगळे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. आपल्या देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण असेच असतात. मी ज्यांना सरसकट 'चोर' म्हटलं ते हे लोक.

सोडण्यात धोका नव्हता असं नाही. काही जणांनी बाहेर येऊन पुन्हा उद्योग केले. काही परत आलेच नाहीत, त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. दादा ते लपवत नाही. पण तो म्हणतो, "सोडले तेही धोक्याचं, ठेवले तेही धोक्याचंच. फरक एवढाच की ठेवलेल्यांचा धोका तुम्हाला दिसत नव्हता."

जूनमध्ये मावशींचा फोन आला. मुलगा घरी आला होता, जातमुचलक्यावर. म्हणजे जामीनदाराशिवाय, स्वतःच्या सहीवर. जे जानेवारीपासून अडलं होतं ते साथीने करून दिलं. पोलिसांच्या गाडीने नाक्यापर्यंत सोडलं, पुढे चालत. दहा बाय दहाची खोली, आत पाच जण. चाळीतल्यांनी आरडाओरडा केला, जेलमधून रोग घेऊन आला म्हणून. चौदा दिवस तो जिन्याखाली झोपला. तुरुंग मोकळा करायचा म्हणजे माणूस कुठल्या तरी घरात जाणारच, आणि ती घरंही बराकींसारखीच, याचा विचार त्या घाईत कुणी केला असेल असं वाटत नाही.

डायरीत तो जूनचा आठवडा शोधला. ९६, ८८, ८१, ८०, ७४... शेवटी शेवटी ५८. दादाला विचारलं, यातला तो कोणत्या दिवशीचा? तो म्हणाला, "नावं मी लिहिली नाहीत. मुद्दामच."

राज्यभरात १० हजारांहून जास्त लोक असे बाहेर आले आणि तेवढी जागा झाली. तरी दुसरी लाट आलीच. दादाबरोबर शिपाई म्हणून लागलेला त्याचा मित्र एप्रिल २०२१ मध्ये गेला. त्या महिन्यात डायरीची पानं कोरी आहेत. त्याबद्दल मी विचारलं नाही. लशीच्या वेळी आणखी एक गंमत, कितीतरी कैद्यांकडे आधार कार्डच नाही, मग नोंदणी कशी करायची? शेवटी केंद्राने ६ मे २०२१ ला ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी पद्धत ठरवून दिली, त्यात कैदी आले. म्हणजे सरकारच्याच कुलुपात असलेल्या माणसाची ओळख पटवायला सरकारला वेगळा कागद काढावा लागला.

मग २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, साथीत सोडलेल्यांनी पंधरा दिवसांत हजर व्हावं. मावशी पुन्हा माझ्यासमोर उभ्या राहिल्या. या वेळी त्यांनी काही मागितलं नाही. तीन वर्षांपूर्वीचं त्यांनाही आठवत असणार. मीच म्हटलं, कधी जायचंय?

घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, फोटो, पगाराची स्लिप. सकाळी अकराला गेले, चार वाजता पुकारा झाला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आरोपीला किती वर्षं ओळखता?" मी म्हटलं, "त्याच्या आईला दहा वर्षं ओळखते." त्यांनी मान वर करून बघितलं आणि सही दाखवली, कुठे करायची ती. सहीला दोन सेकंद लागले असतील. यांना मी आदल्या रात्री सांगितलं होतं. ते म्हणाले, "एवढंच? मग तेव्हाच का नाही केलंस?" मला उत्तर देता आलं नाही.

मुलगा आता टेम्पो चालवतो. तारखेला न चुकता जातो. केसचा निकाल अजून लागायचाय.

साथ गेली आणि तुरुंग पुन्हा भरले. २०२२ संपेपर्यंत राज्यातली कैद्यांची संख्या ४० हजारांच्या पुढे गेली होती, म्हणजे साथीच्या आधीपेक्षाही जास्त. जे आकडे दादाने दिवसागणिक उतरताना लिहिले ते दोन-अडीच वर्षांत परत चढले.

डायरी दादाला परत दिली. पण त्याआधी पहिलं पान पुन्हा एकदा बघितलं. बाहेर कुठे ठरतं ते आता मला माहीत आहे. पोलिसात ठरतं, कोर्टात ठरतं, आणि थोडंसं माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशीसुद्धा ठरलं होतं. मी फेब्रुवारीत सही केली असती तर त्या पानावर १११ असतं.

एकाने काय होणार, असं मी दादाला म्हणून बघितलं. तो म्हणाला, "गिनतीत एक कमी-जास्त झाला तर आम्ही रात्रभर जेल बंद होऊ देत नाही."